श्वास द्यायला सुरतेला

जायचं की नाही, या विचारात माझे आठ दिवस गेले. धाकट्या भावाची मुलगी विद्या सुरतेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. पोटात एक जंतू राहतो, तो अल्सर करतो, कधी कॅन्सरही. तो श्वासातून कसा ओळखायचा, हा तिचा विषय. तिचे वडील पोटाच्या कॅन्सरनेच गेले. आम्ही दोघे भाऊ पलसाण्याच्या रंगाई मिलमध्ये एकाच खात्यात होतो. म्हणून तिचा फोन आला, "आबा, मिलच्या कामगारांतला शेवटचा नमुना तुमचा घेते," तेव्हापासून मला निकालाची धास्ती होती.

नंदुरबारहून सकाळची गाडी धरली. नवापूरनंतर डोंगर छान दिसतात म्हणे. मी काही बघितलं नाही. तपासणीसाठी उपाशी राहायचं होतं, त्यामुळे दशम्या पिशवीतच राहिल्या. तुम्ही गेलात तर उधन्यालाच उतरा. सुरत स्टेशनची गर्दी टळते आणि बाहेर शेअर रिक्षा मिळते.

प्रयोगशाळेत विद्याने फॉर्म भरला. "काही औषध चालू आहे?"

"नाही."

आधी एका पिशवीत फुंकायला लावलं. मग तिने ग्लास पुढे केला. "युरियाचं पाणी आहे."

"शेतात टाकतात तो?" मी हबकलो.

"तोच, पण शुद्ध आणि चिमूटभर. जंतू असला तर तो हा फोडतो आणि त्याची खूण श्वासात येते. प्या, पीक नाही येणार पोटात!"

अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकलं. यंत्राने दोन्ही श्वास मोजले. जंतू नाही. विद्याचे डोळे भरून आले. मी व्हरांड्यात बसून सगळ्या दशम्या संपवल्या.

मुक्काम कोसाडला, तिच्या खोलीवर. सकाळी तिने लोचो खायला नेलं. गरम, मऊ वाफवलेली डाळ, वर तेल आणि शेव. लवकर गेलात तर उभं राहावं लागत नाही. मी खाण्याआधी खिशातली पट्टी काढून गोळी गिळली.

"आबा, हे काय?"

"जळजळीची गोळी."

"मी औषध विचारलं होतं ना?"

"हे कुठलं औषध? रोजचीच आहे. मिलमध्ये होतो तेव्हापासूनची."

तिने बशी खाली ठेवली. या गोळीने जंतू दबून बसतो, यंत्राला सापडत नाही. चाचणीआधी दोन आठवडे ती बंद ठेवावी लागते. माझा निकाल धरता येणार नव्हता.

पुढचं मी गिळून टाकू शकलो असतो. तिच्या यादीतले, उधन्यात राहणारे आमच्या मिलचे जुने कामगार मीच गाठून दिले होते. रंगखात्यात चहाबरोबर ही गोळी आम्ही एकमेकांना देत असू. त्यांच्यापैकी कुणीही ती औषधात धरली नसणार. म्हणजे तिची तीन वर्षं पाण्यात. तरी मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "चला उधन्याला."

माझा जुना सोबती निंबा दारातच बसला होता. विद्याने विचारताच हसून त्याने सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली. "लेस ना पोरी. कोन नही लेस? तुले जोयजे का एक?" त्याने गोळी तिच्यापुढे धरली.

सगळं कळल्यावर तो माझ्यावरच उखडला. "तुले काय गरज व्हती सांगाले? पोरगी पास व्हई जाती!"

"पास झाले असते काका," विद्या म्हणाली, "आणि तुमच्या पोटात काही नाही असं लिहून बसले असते."

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. गोळी बंद आहे. छातीपर्यंत आग होते, रात्री उशी उंच करून पडतो. विद्या एकेकाकडे पुन्हा जाते आहे. तिच्या सरांनी मुदत वाढवून मिळेल की नाही ते सांगितलेलं नाही. मी बरं केलं की वाटोळं केलं, हे मला ठरवता येत नाही.

परवा तिचा फोन आला. निंबाचा श्वास पुन्हा तपासला, जंतू निघाला, औषध सुरू झालं. "आता तुम्ही या, आबा."

मी म्हटलं, हल्ली गाड्या उशिरा येतात, थंडीही आहे, पुढच्या महिन्यात बघू.

ती म्हणाली, "पप्पासुद्धा तपासायला पुढच्या महिन्यातच येणार होते."

उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहे.