एकोणीस जांभळे, एक गुलाबी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या आमच्या मॅडमना मुलं पाठीमागे ‘भिंगबाई’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. चहावर तवंग दिसला तरी कप उजेडात धरून बघत बसतात आणि चहाचं पाणी करतात. त्यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायचं, नळ्या भरायचं काम अठरा वर्षं माझ्याकडे आहे. माझ्या कामाला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय, असा माझा समज होता.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. वीस मुलं, वीस नळ्या, सगळ्यांत एकच जंतू. काचपट्टीवर पसरायचा, जांभळा रंग चढवायचा, धुवायचा, वर गुलाबी रंग द्यायचा आणि शेवटी जंतू दिसेल तो रंग लिहायचा. हा जंतू जांभळा दिसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. एकोणीस जणांनी तेच लिहिलं. एकीने लिहिलं, गुलाबी. ती आधी एकदा नापास झालेली. या खेपेला गेली तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शून्य दिलं. “रंग जास्त धुतलास,” ते म्हणाले.

“मला गुलाबीच दिसला, सर.” पोरगी हटली नाही.

मॅडमनी तिची पट्टी पाहिली. मग शेजारच्याची. मग एकेक करत सगळ्या वीस. दुपारचा डबा तसाच राहिला. शेवटी मला म्हणाल्या, “काका, या बरं इकडे. कुठला रंग?”

जांभळा म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा, भिंगाला डोळा लावायच्या आधीच. मग एकापाठोपाठ एक सगळ्या पट्ट्या पाहिल्या. गुलाबी.

“मॅडम, नळ्या शुक्रवारच्या आहेत. बहिणीकडे जायचं होतं, म्हणून आधीच भरून ठेवल्या.” हा जंतू शिळा झाला की जांभळा रंग धरत नाही, आदल्या दिवशीच वाढवायचा, हे नव्या लोकांना शिकवणारा मीच. फार लाज वाटली.

परीक्षकांनी कपाळाला हात लावला. मॅडम रागावतील असं वाटलं, पण त्यांचं भलतंच चाललं होतं. “मग या एकोणीस जणांनी जांभळा पाहिला कुठे?”

“पुस्तकात,” मी म्हणालो. “मीही तिथेच पाहिला होता.”

पोरगी पास झाली. बाकीचे पुन्हा परीक्षेला बसले आणि माझ्या नावाने बोटं मोडत राहिले. आता दर परीक्षेला मॅडम माझ्याकडून एक नळी मुद्दाम शिळी करून घेतात. कुणाला दिली ते सांगत नाहीत, आणि पट्ट्या तपासताना भिंगापुढे सगळ्यांत आधी मलाच बसवतात.