पाहुण्यांच्या पुऱ्या आणि गावाचा गॅस

हसायचं तर हसा, पण हातातला चहा सांभाळून. पुऱ्या तळायला गेले आणि माझी अशी काही फजिती झाली, की काय सांगू तुम्हाला!

माझं माहेर जळगावचं. लग्न होऊन आले ती शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. "पोरगी धुरात डोळे फोडून घेणार," म्हणून आई तेव्हा रडली होती. पुढे, ऐंशी सालानंतर कधीतरी, गावानं मिळून एक मोठा गोबरगॅस बांधला. सगळ्या घरांचं शेण एका टाकीत आणि तिथून पाइपानं घरोघरी गॅस. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. मुख्य कॉक आमच्या गोठ्यामागे, म्हणून तो फिरवायचं काम माझ्याकडे. मी कॉक फिरवल्याशिवाय गावात चहा होत नसे. रुबाब काय कमी होता?

एका दुपारी आई आणि माझी वहिनी न कळवता आल्या. वहिनीनं शेगडी निरखली.

"हाच का तो गॅस? पेटवा ना, बघू तरी."

आता, गॅस संध्याकाळी येतो, एवढं सांगायला काय झालं होतं? पण माहेरची माणसं समोर बसली की अक्कल चरायला जाते. गुपचूप गोठ्यामागे गेले, कॉक सोडून आले. पाहुण्यांच्या पुऱ्यांना असा कितीसा गॅस लागणार?

निळी ज्योत पाहून आईचे डोळे भरून आले. मी ऐटीत पुऱ्या लाटायला घेतल्या. तेवढ्यात पाहुण्यांना बघायला शेजारची सुमन दारात आली. तिची नजर पाहुण्यांवरून थेट शेगडीवर.

"गॅस उना व माय," अशी गॅस आल्याची हाळी देत ती आल्या पावली पळाली.

झालं. या आळीतून त्या आळीत बातमी गेली. कुणी डाळ चढवली, कुणी अंघोळीचं पाणी, कुणी नुसताच चहा. माझी ज्योत बारीक झाली, मग पिवळी, मग नाहीच. कढईतली पुरी तेलात तळाशी जाऊन बसली.

गॅस भरला की वर उचलली जाणारी टाकीवरची लोखंडी टोपी संध्याकाळी खाली टेकलेली. गॅस कमिटीचे प्रमुख नाना शेतातून परतलेली माणसं घेऊन आले. दुपारी गॅस वापरलेल्या बायका मात्र आपापल्या घरात दडलेल्या.

"पाइप फुटेल शे," त्यांनी पाइप फुटल्याचा निकाल दिला. "बठ्ठा उकरना पडी."

मी तोंड उघडणार, तोवर पहिली कुदळ पडलीही. सगळा पाइप उघडा करायला आमच्या गोठ्यापासून चर खणत निघाले. त्यात आमचे हेही, सदरा काढून, सगळ्यांच्या पुढे. आता कोणत्या तोंडानं सांगू? चर मारुतीच्या पारापर्यंत गेला. बायका अंगणात तीन दगड मांडून चुली फुंकत होत्या. गावभर धूर.

घामाघूम नाना पाणी प्यायला आमच्या ओट्यावर टेकले. आईनं तांब्या दिला आणि कौतुकानं म्हणाली, "दुपारी किती छान चालला होता हो गॅस. आमच्यासाठी मुद्दाम सोडला पोरीनं."

नानांनी तांब्या खाली ठेवला. चरातून यांनी मान वर काढली. मी पदराआड.

"असं शे का," नाना शांतपणे म्हणाले. "मंग हाऊ चर आते कोन बुजी?"

दुसऱ्या दिवशी मी, हे, वहिनी आणि साठीची माझी आई, चौघं माती लोटत होतो. सुमन येता-जाता मला पुढची वेळ विचारायची, "दुपारना गॅस कवय सोडशी वहिनी?"

निघताना एसटीत बसलेल्या आईला मी म्हटलं, "राग नको मानू गं. गॅस कमी पडला."

आईनं खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राग कसला? आमचाही सिलिंडर संपतो, नंबर लावून बसावं लागतं. पण तो आमच्या एकट्या घरचा संपतो. सगळ्या गावाची चूल विझवायची सोय, बाई, जळगावात अजून नाही."