दादाची रिकामी चौकट

दहा मार्च. गच्चीवर हरभरा वाळत घालत होते, तेवढ्यात नांदेडहून वहिनीचा फोन आला. "ताई, चौकात यांचा फ्लेक्स लागलाय. तुम्ही याच." दादाला जाऊन महिना झाला होता, पुण्यानुमोदनाचा विधीही उरकला होता. वहिनीने पाठवलेल्या फोटोत दादाचा हसरा चेहरा, कोपऱ्यात नेत्यांची मुंडकी आणि खाली ठळक अक्षरांत, 'विषाणू परदेशी प्रयोगशाळेतूनच आला, हे छातीठोकपणे सांगणारे निर्भीड शास्त्रज्ञ'. हरभरा तसाच टाकला आणि जळकोटहून बस धरली.

माझा भाऊ हे वाक्य कधीच बोलला नाही. नांदेडच्या कॉलेजात तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचा. फळ्यावर प्रश्न लिहायचा, त्याखाली खडूने चौकट आखायचा आणि ती रिकामी ठेवायचा. पुरावा हाती आला की भरायची, त्याआधी नाही. पोरं वैतागायची.

साथ ओसरल्यावर त्याला व्याख्यानांची बोलावणी आली. आधी हे फ्लेक्सवाले. "सर, प्रयोगशाळा म्हणा, लई टाळ्या पडतेत." दादा म्हणाला, प्राण्यातून आला असेल, प्रयोगशाळेतून निसटला असेल, सुरुवातीची माहितीच पूर्ण बाहेर आलेली नाही, सांगू कशावरून? व्याख्यान रद्द. मग शहरातली शहाणी मंडळी आली. त्यांना प्रयोगशाळा हा शब्दच नको होता. तो उच्चारला की तुम्ही त्या फ्लेक्सवाल्यांच्या पक्षाचे! त्यांनीही बोलावणं बंद केलं. शोध घ्यायचे दिवस होते तेव्हा लोक बाजू वाटून घेत बसले, आणि देशोदेशीच्या सरकारांनी ते आनंदाने होऊ दिलं. याचा मला अजून संताप येतो.

आमची आई त्याच साथीत गेली. उत्तर मलाही हवं होतं... कुणावर तरी चिडायचं होतं. "दादा, तू तरी सांग की," म्हणून मी त्याच्याशी भांडले होते. तो शांतपणे म्हणाला, "आईच्या नावानं खोटं सांगू का?"

नांदेडला उतरून थेट फ्लेक्स लावणाऱ्याकडे गेले. दादाचाच जुना विद्यार्थी. हात जोडून म्हणाला, "ताई, सरांचा सन्मान करून राहिलो आम्ही."

"वाक्य त्याचं नाही. काढ."

"फ्लेक्सवरल्या साहेबांनी पास केलंय ते. आन् सर तर आता न्हाईत. कुणाला त्रास हाय?"

"मला हाय," म्हटलं आणि उठले.

रात्री दादाच्या खोलीत झोपले. भिंतीवर त्याचा फळा तसाच होता. 'विषाणू कुठून आला?' खाली चौकट. वहिनीने महिनाभर खोली झाडली, पण फळ्याला फडकं लावलं नव्हतं.

सकाळी वहिनीकडून विळा घेतला आणि चौकात गेले. चहावाल्याचं स्टूल मागून त्यावर चढले आणि फ्लेक्सवरचं ते वाक्य चारी बाजूंनी कापून काढलं. दादाचा फोटो राहू दिला. त्याखालच्या भोकातून पलीकडचा रस्ता दिसायला लागला.

चहावाला म्हणाला, "ताई, आता इथं काय लिवायचं?"

"पुरावा आला की बघू," म्हटलं, त्याचं स्टूल परत केलं आणि जळकोटची बस धरली.