दोराच्या खालच्या टोकाला

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठतो, एवढं आधी सांगून ठेवतो. मी भूल देणारा डॉक्टर. माणसांना झोपवायचं आणि परत उठवायचं, यातच सगळी नोकरी गेली. त्यात कधी काही अमानवीय दिसलं नाही, एक-दोन सर्जन सोडले तर. हे इथे लिहितोय ते मीनामुळे, म्हणजे माझ्या बायकोमुळे. "किती वर्षं एकटाच घोळवत बसणार आहेस? लिहून मोकळा हो," म्हणाली. तर लिहितो.

१९८८ सालचा मे महिना. मी इंग्लंडात, लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होतो. माझा पुण्याचा कॉलेजमित्र शिरीषही तिथेच, हाडांच्या विभागात. पुण्यात असताना आम्ही सह्याद्रीतल्या घळी दोर लावून उतरायचो. इथे आल्यावर ऑन-कॉल आणि परीक्षांमध्ये तो नाद सुटला होता. मग कुणीतरी सांगितलं की गाडीने दीड तासावर, यॉर्कशायर डेल्सच्या डोंगराळ भागात, अशीच एक घळ आहे. ओढ्याने चुनखडी कापत नेलेली, आणि मध्येमध्ये इतकी अरुंद की दोन्ही हात पसरता येत नाहीत. शिरीष तर हवेतच होता. शनिवारी आम्ही निघालो.

आता आमची चूक सांगतो. सह्याद्रीत घळ उतरायची ती मे महिन्यातच, कारण तेव्हा ती ठणठणीत कोरडी असते. मे म्हणजे कोरडा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की यॉर्कशायरमध्येही ते तसंच चालू राहिलं! डोक्यावर ऊन होतं. पण वर, मैलभर लांबच्या माळावर पाऊस पडतोय का, फोरकास्ट काय आहे... दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

दुपारी दोनच्या सुमारास शेवटच्या टप्प्याला पोचलो. साधारण चाळीस फुटांचा उतार. मी वरच्या कट्ट्यावर खडकाला स्वतःला बांधून घेतलं, दोर कमरेभोवती घेतला आणि शिरीषला हळूहळू खाली सोडलं. दहा फुटांवर घळ वळत होती, त्यामुळे तो लगेच दिसेनासा झाला. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून आमची कॉलेजपासूनची एक खूण होती. दोराला एक मोठा हिसका आणि पाठोपाठ दोन छोटे, म्हणजे 'बांधलंय, ओढ'. इथले लोक शिट्ट्या वापरतात. ही खूण आमच्या पुण्याच्या ग्रुपबाहेर कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

दोर सैल झाला. म्हणजे शिरीष पोचला. मी निवांत बसलो असेन पाचेक मिनिटं... आणि कट्ट्याखालचं पाणी एकदम गढूळ झालं. मग वाढलं. बघता बघता घोट्याएवढा ओढा छातीएवढा झाला आणि नुसता गर्जायला लागला. मी शिरीषच्या नावाने बोंबललो, पण माझाच आवाज मला येत नव्हता.

तेवढ्यात हिसका बसला. एक मोठा, दोन छोटे.

जिवात जीव आला. ओढायला लागलो. चांगलं माणसाएवढं वजन होतं आणि ते मदतही करत होतं — पाय टेकायला जागा मिळाली की दोर जरा ढिला पडायचा, की मी तो भराभर आत घ्यायचो. वीस-पंचवीस फूट वर आलं असेल. मग थांबलं. नुसतं लटकून राहिलं.

मला पुढे काही करता येईना. वर ओढायची ताकद नाही. दोर खडकाला अडकवावा, तर एक हात सोडायची हिंमत नाही. मदत आणायला जावं, तर तो पाण्यात जाणार. पाऊण तास तसाच बसलो. तळहातांची सालं निघाली. शिरीषशी बोलत होतो, रडत होतो, त्याच्या आईला काय कळवायचं याची वाक्यं जुळवत होतो. जिवंत आहे एवढं मात्र कळत होतं. पेशंटच्या श्वासाची पिशवी हातात धरली की श्वास आपण देतोय की तो घेतोय, हे डोळे मिटूनही समजतं. तसंच दोरातून कळत होतं.

लोंढ्याचा आवाज जरा उतरत होता, आणि मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, कुणाला धरून बसलायस?"

शिरीष! चिखलाने माखलेला, धापा टाकत उभा. खाली उतरल्यावर दोर सोडून तो पुढचं वळण बघायला गेला होता. तेवढ्यात लोंढा आला, म्हणून खालच्या तोंडाने बाहेर पळाला आणि माळावरून मोठा वळसा घालून माझ्यापर्यंत आला.

मी दोर न सोडताच त्याचा हात ओढून त्यावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

"खाली कोण आहे?"

"तू आहेस," मी म्हणालो. खरंच तसं म्हणालो.

आणि वजन हललं. वर यायला लागलं. माझे हात सवयीने दोर आत घेत होते. एक फूट, दोन फूट. वळणापर्यंत आणखी थोडंच राहिलं होतं.

"सोड," शिरीष म्हणाला. मग ओरडलाच, "सोड ना रे!"

मी सोडला. सगळा दोर सरसरत वळणाआड गेला. किंकाळी नाही, काही नाही. नुसतं पाणी.

धावत एका फार्महाऊसवर जाऊन फोन केला. रेस्क्यूची मंडळी आली. त्यांचा म्होरक्या वयस्कर, अगदी सभ्य माणूस. त्याने विचारलं, "तुमच्या पार्टीत किती जण?"

"दोघं."

त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग डॉक्टर, आम्ही नक्की शोधायचं कुणाला?"

तरी बिचारे दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर उतरले. दोर सापडला. टोकाला गाठ नव्हती. आसपास कुणी हरवल्याची तक्रारही पोलिसांकडे नव्हती.

शिरीष आता साउथहॅम्प्टनला असतो. दोन वर्षांनी एकदाच विषय काढला, तेव्हा म्हणाला, "ओंडका अडकला असेल रे. लोंढ्याने हिसके बसले असतील." असेल. दुसरं काही मलाही सुचत नाही, आणि ओंडका पायाला जागा शोधत वर कसा येतो तेही कळत नाही.

पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. समोरचा कोण, कुणाचा, हे न विचारता त्याला धरून ठेवायचं, हे माझं काम. त्या दुपारी कुणीतरी माझ्या भरवशावर वर येत होतं. तो शिरीष नाही एवढं कळलं, आणि मी हात उघडले.