टेकडीवरचा बदली कामगार

माणसाने छप्पर कशासाठी शोधून काढलं, हे माझ्या साडूंना शेवटपर्यंत पटलं नाही. मोशीत त्यांचा चांगला दोन बेडरूमचा फ्लॅट होता, पण त्याचा उपयोग ते छत्री आणि चपला ठेवण्यापुरताच करत. चहा गच्चीत, पेपर जिन्यात आणि झोप बाल्कनीत, तीही थंडीत कानटोपी घालून. आमच्या वाकडच्या घरी आले की सोफ्याला टेकायचेसुद्धा नाहीत. ताट घेऊन थेट बाल्कनीत जायचे आणि अकराव्या मजल्यावरून खालचं ट्रॅफिक बघत वरणभात जेवायचे. "साडूभाऊ, तुमच्या एसीला कुबट वास येतो," एवढं मात्र आत डोकावून सांगायचे. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई. ताई अजून सांगतात, "लग्न झाल्यावर लोकांच्या बायका महाबळेश्वरला गेल्या. मला ह्यांनी किल्ल्यावर नेलं, तेही नव्या चपलांत. उतरताना चपला हातात होत्या." त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं असे : "पण वर वारा काय होता!"

चाकणच्या एका कंपनीत ते मेंटेनन्सला होते. सहा दिवस पत्र्याच्या शेडखाली काढल्याचा सूड ते रविवारी उगवत. चऱ्होलीकडे एक बोडकी टेकडी आहे. तिच्यावर झाडं लावायचं त्यांनी डोक्यात घेतलं, पाचपंचवीस माणसं गोळा केली आणि कंपनीचे सगळे नियम टेकडीला लावले. प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर आणि प्रत्येक नंबर एका माणसाच्या नावावर. त्या माणसाने दर रविवारी पाण्याचा पाच लिटरचा कॅन वर न्यायचा. पहिले तीन उन्हाळे रोप टेम्पररी. तेवढे निभावले की ते परमनंट, मग ते आपलं आपण बघतं. एखादा आला नाही तर दुसऱ्याने त्याच्या रोपाला पाणी घालायचं, आणि वर म्हसोबाच्या देवळीत ठेवलेल्या वहीत त्याच्या नावापुढे 'बदली' लिहून सही करायची. कंपनीत गैरहजर माणसाच्या जागी बदली कामगार उभा करतात, तसंच.

पहिल्या वर्षी निम्मी रोपं शेळ्यांनी खाल्ली. दुसरा कोणी असता तर शेळीवाल्या म्हाताऱ्याशी भांडला असता. साडूंनी त्याच्याच नावावर एक करंज चढवला आणि वहीत त्याचा अंगठा घेतला. त्यानंतर शेळ्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाला चरू लागल्या. मी एकदा पायथ्याशी गाठून म्हाताऱ्याला कारण विचारलं. म्हणाला, "आता माजंबी झाड हाय न्हवं वर. सोताचं कसं खाऊ द्यायचं?"

पोटच्या मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी टेकडीवरच ठरवलं. बघण्याचा कार्यक्रम रविवारी आला होता आणि रविवार मोडणं शक्य नव्हतं. मुलाकडची मंडळी गाडीतून उतरली, तर पायथ्याशी साडू कॅन भरून उभे. मुलाची आई रेशमी साडीत होती. "आम्ही मुलगी बघायला आलोय की पाणी भरायला?" असं त्यांनी विचारलं. साडू शांतपणे म्हणाले, "मुलगी वर आहे. पोहेपण वरच आहेत." ताईंना त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण मुलाने दोन्ही हातांत एकेक कॅन उचलला आणि चालू लागला. साडूंनी तिथेच पसंती दिली. मुलीला नंतर विचारलं.

माझ्या पन्नाशीला त्यांनी मला एक बहावा दिला. म्हणजे तो टेकडीवर होता आणि माझ्या नावावर होता. दर शनिवारी फोन यायचा, "साडूभाऊ, उद्या?" मी म्हणायचो, "बघतो." मला चढ नको, ऊन नको आणि रविवारी सकाळी तर माणूसच नको. तीन उन्हाळे मी बघतो म्हणालो आणि तीन उन्हाळ्यांनी त्यांनी फोनवर सांगितलं, "अभिनंदन, तुमचा बहावा परमनंट झाला." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच आनंद झाला होता.

इतक्या झाडांत त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही नव्हतं. गेल्या पावसाळ्यात, रिटायर झाल्यावर, ताईंनी हट्टाने त्यांच्या हातून त्यांच्याच नावाचा कडुनिंब लावून घेतला. थंडीत ते आजारी पडले. हॉस्पिटलमध्येही खाट व्हरांड्यात टाकता येईल का म्हणून त्यांनी डॉक्टरांशी बराच वाद घातला. मी भेटायला गेलो तेव्हा खिडकीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "माझ्या लिंबाचा पहिलाच उन्हाळा आहे. एक बदली लागेल. कोणी असला तर सांगा." मी म्हणालो, "बघतो." सवयच लागली होती जिभेला. आठवड्याभरात ते गेले.

चैत्रातल्या एका रविवारी मी पहिल्यांदा टेकडी चढलो. चार ठिकाणी बसलो. पाच लिटर पाणी किती जड असतं, हे मला ह्या वयात कळलं. ताई आणि जावई आधीच आले होते. कडुनिंब माझ्या गुडघ्याएवढा होता, खालची पानं पिवळी पडलेली. सगळा कॅन मी त्याला घातला. मग देवळीतून वही काढून माझं पान उघडलं. माझ्या नावापुढे तीन उन्हाळ्यांचा प्रत्येक रविवार, आणि प्रत्येक रविवारी 'बदली' आणि त्याखाली साडूंची तीच तिरकी सही. एकही रिकामा नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

साडूंचं पान शेवटी होतं. त्यावर मी 'बदली' लिहिलं आणि सही केली. ताईंनी वाकून वाचलं आणि पोह्यांचा डबा पुढे केला. अजून दोन उन्हाळे आहेत.