अक्काने जगवलेल्या पेशी

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. माझं घर मात्र दूर जोयडा तालुक्यात, गुंद गावाच्या अलीकडे. पुढे भाताची शेतं, मागे जंगल. नव्या औषधांची परीक्षा घेता येईल अशा पेशी तयार करणं हे माझं काम. माणसाच्या पेशींत मी काजव्याचं एक जनुक घातलं होतं. सूज आणणारा संदेश पेशीत पोचला की ते जनुक जागं व्हायचं आणि पेशी उजेड द्यायची, इतका मंद की तो यंत्रालाच कळे. एखादं रसायन घातल्यावर उजेड कमी झाला, तर त्यात सुजेवरचं औषध सापडण्याची आशा.

बहुतेक पेशी परकं जनुक घेतच नाहीत, घेतलं तर टाकून देतात. वर्षभर खपल्यावर एका बशीतल्या पेशींनी ते धरून ठेवलं. त्यातल्या काही गोठवून साठवायच्या, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात ऑफिसच्या फोनवर रामनगरच्या मामांचा आवाज आला. "अप्पास्नी अस्वलानं धरलंय. बेळगावला आणलंय. तू निघून ये."

जिन्यात अक्का भेटली. ती धारवाडकडची, प्रयोगशाळेत माझ्याहून वरिष्ठ, स्वतःचा प्रबंध संपवायच्या घाईत. तिला मी कसंबसं सांगितलं आणि रडत बाहेर पडले. पेशींचा विचारही मनात आला नाही.

दवाखान्यात अप्पांचा, माझ्या वडिलांचा, अर्धा चेहरा पट्ट्यांत होता. बागेला येणारं झऱ्याचं पाणी का थांबलं, हे बघायला ते रानात गेले होते. ओरडणं ऐकून शेजारचे धावले, डबे बडवून त्यांनी अस्वलाला हुसकावलं, घोंगडीची झोळी करून अप्पांना रस्त्यापर्यंत आणलं. लाकडाच्या एका लॉरीवाल्याने वाटेत कुठे न थांबता बेळगाव गाठलं. झोळी वाहून आणणारे चौघे शेजारी अजून व्हरांड्यातच बसले होते.

"घरी जावा आता, भात कापायचं राहिलंय," आई म्हणाली.

"अप्पा बोलल्याबिगर न्हाई जायाचं," त्यातला थोरला म्हणाला.

अप्पा बोलले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या चौघांनाच हाक मारली. मग ते चौघे गावी गेले.

पुढे गालावरच्या शस्त्रक्रियेचे टाके निघायच्या सुमाराला अप्पांनी मला विचारलं, "तिकडं तुझं काम कोन बघतंय गं?"

मला तेव्हा कुठे पेशी आठवल्या. पेशींचं खाणं म्हणजे एक गुलाबी द्रव, तो दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. मला येऊन कित्येक आठवडे झाले होते. "मेलं असेल सगळं," मी म्हणाले, आणि काय मेलं तेही सांगितलं.

"काजव्याचं? आनि सुजेवर?" त्यांनी गालावरची पट्टी चाचपली. "मग फिरून कर की. माझा गाल न्हाई का डाक्टरांनी फिरून केला?"

परत गेल्यावर मी आधी पेशी ठेवायचं उबदार कपाट उघडलं. बशा ओळीने मांडलेल्या होत्या. द्रव ताजा, गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाटीवाटीने पसरलेल्या होत्या. मागून अक्का कन्नडमध्ये म्हणाली, "थोड्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवूनही ठेवल्यात. आता वीज गेली तरी घाबरायला नको."

"अक्का, मी तर तुला सांगितलंही नव्हतं."

"सांगायला कशाला हवं? वर्षभर मी तुझ्या शेजारीच बसते. अप्पा कसे आहेत, ते आधी सांग."

"आणि तुझा प्रबंध?"

"लांबला. लिहीन की." तिने रुमाल पुढे केला, कारण मी पुन्हा रडत होते.

त्या पेशींवर आम्ही पुष्कळ रसायनं तपासली. मोजक्या रसायनांनी उजेड मंदावला. एक प्राण्यांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि तिथेच अडलं. औषध झालं नाही. पण पेशी चांगल्या निघाल्या, दुसऱ्या प्रयोगशाळांनीही मागून नेल्या, आणि मला पदवी मिळाली ती त्यांच्यावरच.

पुढे गावाजवळच्या उळवीच्या जत्रेला अक्का आमच्याकडे उतरली. अप्पांचा एक डोळा अर्धवट मिटलेला असे, तरी ते तिला घेऊन गावभर फिरले, आणि त्या चौघांच्या घरी तिला मुद्दाम नेलं. प्रत्येक दारात, तिलाही कळावं म्हणून, ते कन्नडमध्ये एकच सांगत होते, "आमच्या मुलीची मोठी बहीण आली आहे." मी मागून चालत होते. इतक्या माणसांचं देणं एका आयुष्यात कसं फेडायचं, हे मला तेव्हाही सुचलं नाही. फेडायची घाईही आता वाटत नाही.