वरच्यांकडे राहिलेला डबा

आमच्या घरातल्या झाडून साऱ्या भांड्यांची कुळकथा ज्या एकाच गृहस्थांना तोंडपाठ होती, त्यांच्याकडूनच, ते कायमचे निघायच्या दिवशी, मी एक स्टीलचा डबा परत मागून घेतला. माझ्या हातून आजवर चुका काही कमी झालेल्या नाहीत. एकदा मी दुसऱ्याच्या स्कूटरला माझी किल्ली लावून ती घरी घेऊन आलो होतो. पण ती घाईतली चूक. ही मी नीट विचार करून, मुद्दाम जिना चढून जाऊन केली.

हे गृहस्थ म्हणजे आमचे वरचे. त्यांना नाव होतं, पण ते हंगेरियन होतं आणि आमच्या कॉलनीत कुणालाच ते शेवटपर्यंत नेता आलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे म्हणून वरचे. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने त्यांना द्राक्षाची छाटणी शिकवायला वर्षभरासाठी बोलावलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात ते बागेतून परत आले आणि संध्याकाळभर गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांच्याकडे वेल बर्फात चार महिने झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची, हे त्यांना बागेतल्या बायकांनी सांगितलं होतं. "भाऊ," ते मला म्हणाले, "कधीच झोपत नाही, तर तिला स्वप्नं कधी पडतात?" मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पंचवीस वर्षं पाळ्या केलेला माणूस. मला वेलीपेक्षा स्वतःचीच कीव आली.

वरच्यांचा खरा उद्योग म्हणजे बघणं. सकाळी धुकं विरेपर्यंत ते गच्चीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत, मांडीवर एक जाड वही, आणि खाली कॉलनी जागी होत असताना तिच्याकडे असे बघत, जणू समोर समुद्राला भरती येते आहे. दारापुढच्या चपलांवरून कुणाकडे कोण आलंय, किती वेळ बसणार आहे, हे ते वरूनच सांगत. "समोरच्या काकूंकडे पाहुणे. चपला दाराकडे तोंड करून आहेत, म्हणजे जेवून जाणार." रविवारी आम्ही त्यांना गाडीत घालून मळ्यातली मिसळ खायला नेलं, तर त्यांनी वहीत लिहिलं की सुट्टीच्या दिवशी हे सगळं शहर गाड्या काढून रडायला जातं आणि नाक पुसत, अतिशय समाधानाने परत येतं. लिहिताना त्यांच्या स्वतःच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते आणखी रस्सा मागत होते.

जुजबी मराठी बोलायला ते शिकूनच आले होते, अक्षरं मात्र शिकले आमच्या भांड्यांवर. लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर नावं कोरायची आपली रीत त्यांना अजब वाटली. मग रोज एकेक भांडं वर नेऊन, बोट फिरवत वाचायचं, असा क्रमच सुरू झाला. महिन्याभरात त्यांना आमचं कूळ कळलं. "वहिनी, आज भात मामांच्या पातेल्यात?" असं ते सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारत. कोणत्या आत्याने तांब्या दिला आणि कोणत्या आत्याने नुसतं फुलपात्र देऊन भागवलं, हेही त्यांनी शोधून काढलं. त्यावरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता. त्यांच्या बोलण्यातले काही शब्दही तिथूनच उचललेले. भाजीवालीने कोथिंबिरीची काडी वर टाकली की ते हात जोडून गंभीरपणे म्हणत, "सप्रेम भेट." ती लाजायची आणि आणखी एक काडी टाकायची.

पहिल्यांदा सुनंदाने त्यांना वाटीभर शिरा पाठवला, तेव्हा त्यांनी वाटी घासून, पुसून, चकचकीत करून परत आणली. रिकामी. सुनंदा काही बोलली नाही, पण समोरच्या काकू तिथेच होत्या, आणि काकूंना न बोलणं जमत नाही. "अहो वरचे, शेजाऱ्याचं भांडं असं रिकामं देतात का परत? चिमूटभर साखर तरी घालायची." झालं. त्या दिवसापासून वरून काही रिकामं आलं नाही. कधी दोन द्राक्षं, कधी द्राक्षाचं लालसर पडलेलं पान, कधी आमच्याच फाटकाचं पेन्सिलीने काढलेलं चित्र. एकदा सुनंदाने झाकण उघडलं तर आतून पिवळं फुलपाखरू निघालं आणि दुपारभर स्वयंपाकघरात फिरत राहिलं. तिने त्या दिवशी पंखा लावला नाही. वरच्यांनी वहीत लिहिलेलं मला वाचून दाखवलं, "या लोकांचं भांडं कधीच घरी पोचत नाही. ते नेहमी वाटेत असतं."

आता त्या डब्याविषयी. उभा, कडीचा, झाकणावर कोरलेलं, 'चि. सुनंदास आईकडून'. आमच्या पहिल्या दिवाळीला माझ्या सासूबाईंनी नामपूरहून त्यातून चिवडा पाठवला होता. त्या एकदा आमच्याकडे आल्या, तेव्हा वरच्यांना न्याहाळून त्यांनी अहिराणीत पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, तुमना गावमा कांदा शे का?" वरचे विचार करून म्हणाले, "शे." एवढ्यावर दोघांचं जमलं. दोघंही तासभर झोपाळ्यावर काही न बोलता बसले होते.

गेल्या थंडीत सासूबाई गेल्या. सगळं आटोपून आम्ही संध्याकाळी नामपूरहून परतलो, तर दारात वरचे उभे, हातात हाच डबा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात, हे त्यांनी कधीतरी वहीत टिपलं होतं. आत खिचडी होती. खालून करपलेली, वरून कच्ची, आणि मीठ अजिबात नव्हतं. मी दोन घासांवर थांबलो. सुनंदाने डबा मांडीवर घेतला आणि सगळी संपवली.

हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं असूनही, ते निघायच्या दुपारी डबा फळीवर दिसला नाही तेव्हा मला वाटलं, हिच्या आईची आठवण आहे, गडबडीत वर राहायला नको. गेलो आणि विचारलं, "डबा राहिला का हो वर?" वरचे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बांधलेली बॅग उघडली, कपड्यांच्या घडीतून डबा काढला. आत घालायला काही मिळतं का म्हणून खोलीभर नजर फिरवली. खोली रिकामी झालेली होती. तसाच डबा त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. फाटकापर्यंत पोचवून, त्यांची गाडी नाशिकरोड स्टेशनकडे रवाना करून, मी विजयी वीरासारखा स्वयंपाकघरात शिरलो.

सुनंदाने झाकण उघडलं, आत बघितलं, बंद केलं.

"तुम्ही मागितलात?"

"मग? तुझ्या आईचा डबा..."

"मीच दिला होता त्यांना. काल. ठेवू का म्हणून विचारत होते, मी म्हटलं ठेवा."

"मग बोलले का नाहीत ते?"

"नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्याने पडायचं नाही, हे पण त्यांनी वहीत लिहिलंय," ती म्हणाली आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली. नळ सुरू नव्हता.

मी डबा उचलला आणि स्कूटर काढली. या वेळी माझीच. आमच्या द्वारका चौकातल्या गर्दीला मी आयुष्यभर नावं ठेवली, ते शब्द मी परत घेतो. द्राक्षांच्या क्रेटनी भरलेला टेम्पो आणि सिटी बस यांच्या मध्ये त्यांची गाडी निमूट उभी होती. मागच्या सीटच्या काचेतून वरचे बाहेर बघत होते, गच्चीतून बघायचे तसेच, लांबवर, शांत. मी काच वाजवली. काच उतरली. मी डबा आत दिला. मागून सगळे हॉर्न वाजवत होते.

त्यांनी झाकण उघडलं. आत बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "रिकामा?"

घरात चिवडा होता, लाडू होते, निदान साखर तरी नक्की होती. मी टेम्पोकडे बघायला लागलो. तेवढ्यात गर्दी हलली. वरच्यांनी झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला, त्या कोरलेल्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं, आणि त्यांची गाडी उन्हात पुढे सरकत सरकत दिसेनाशी झाली.

घरी येऊन मी सगळं खरं सांगितलं. रिकामा दिला हेही. सुनंदा फळीकडे वळली. फळीवर त्या डब्याची जागा गोल, स्वच्छ उमटली होती. तिथे दुसरा डबा सरकवायला तिने हात नेला, मग मागे घेतला.

"रिकामा दिलात ते बरं झालं," ती म्हणाली. "आता भरून आणायला यावं लागेल त्यांना."